‘गॉना’ चालतं, ‘एन्ट’ का चालत नाही? इनफॉर्मल इंग्रजी आणि ‘चुकीचं’ इंग्रजी

ऑगस्ट २०२५ मध्ये केंब्रिज डिक्शनरीने सांगितलं की वर्षभरात ६००० हून जास्त नवे शब्द घेतलेत, आणि त्यात ‘स्किबिडी’ आणि ‘डेलुलु’ असे पोरांचे ऑनलाइन शब्द पण आहेत. ऑक्टोबरात डिक्शनरी डॉट कॉमने तर कहरच केला, २०२५ चा शब्द म्हणून ‘सिक्स सेव्हन’ निवडला, म्हणजे चक्क ६७ हा आकडा, ज्याचा अर्थ तो दिवसभर ओरडणाऱ्या पोरांनाही धड सांगता येत नाही. झालं, लगेच व्हॉट्सॲपवर काका-मामा मंडळी सुरू, इंग्रजीचं वाटोळं झालं, आमच्या वेळी असं नव्हतं, आम्ही तर्खडकरी पद्धतीने घासून घासून इंग्रजी शिकलो वगैरे.

दुसरीकडे मराठी मीडियममधून शिकून आयटीत लागलेल्यांचा गोंधळ वेगळाच असतो. शाळेत शिकवलं ‘आय ॲम गोइंग टू’, आणि कॉलवर समोरचा अमेरिकन क्लायंट म्हणतो ‘आय ॲम गॉना’. सिरीजमध्ये हिरो म्हणतो ‘आय एन्ट गॉट नो मनी’, म्हणजे माझ्याकडे पैसे नाहीत. मग प्रश्न पडतो की हे सगळे अडाणी आहेत, की आपणच चुकीचं शिकलो? दोन्ही नाही. गोंधळ होतो कारण दोन वेगळ्या गोष्टी आपण एकाच पोत्यात भरतो.

दोन बटणं आहेत, एक नाही

पहिली गोष्ट रजिस्टर. कुणाशी, कुठे, किती औपचारिक बोलतोय त्याप्रमाणे भाषा बदलते, त्याला भाषाशास्त्रात रजिस्टर म्हणतात. बॉसला मेल लिहिताना ‘चिल्ड्रन’, मित्राशी बोलताना ‘किड्स’, एवढंच.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रमाण भाषा आणि बोली. प्रमाण म्हणजे शाळा, पेपर, कोर्ट, सरकार वापरतं ते रूप, इंग्रजीत त्याला स्टँडर्ड इंग्लिश म्हणतात. बोली म्हणजे एखाद्या भागातल्या किंवा समाजातल्या लोकांची भाषा, तिचं व्याकरण प्रमाणापेक्षा थोडं वेगळं असतं.

घरातल्या स्विचबोर्डवर पंख्याचा रेग्युलेटर आणि ट्यूबलाइटचं बटण शेजारी शेजारी असतात, पण पंखा एकवर ठेवला काय आणि पाचवर ठेवला काय, लाइटला फरक पडत नाही. रजिस्टर म्हणजे तो रेग्युलेटर, हळूहळू फिरणारा. प्रमाण की बोली हे शेजारचं बटण.

उदाहरण देतो. ‘सॉरी मेट, हॅव्हन्ट गॉट अ क्लू’ हे एकदम मोकळंढाकळं आहे, पण व्याकरण पूर्ण प्रमाण आहे, इंग्लंडमधला प्रोफेसर पण घरी असंच बोलेल. आता हे बघा, ‘वी वॉज एक्स्ट्रीमली ऑनर्ड टू रिसीव्ह युवर इन्व्हिटेशन’. शब्द सगळे सूटबूट घातलेले, पण ‘वी वॉज’ हे बोलीतलं. म्हणजे औपचारिक आहे पण प्रमाण नाही. एकदा हे डोक्यात बसलं की निम्मा गोंधळ संपतो. ‘गॉना’, ‘वॉना’, ‘किड्स’, ‘आय ॲम स्टार्व्हिंग’ हे सगळं इनफॉर्मल पण प्रमाण. ‘एन्ट’, ‘आय डिडन्ट सी नथिंग’, ‘देम बुक्स’ हे बोलीतलं. आणि ‘स्किबिडी’ वगैरे म्हणजे स्लँग, एका गटाने आपली ओळख दाखवायला काढलेले शब्द, त्यात व्याकरण तसंच राहतं, शब्द तेवढे नवीन.

पण प्रमाण म्हणजेच बरोबर ना?

हा पहिला आक्षेप, आणि तो येणारच. त्यासाठी ही प्रमाण इंग्रजी आली कुठून ते बघावं लागतं.

विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधला पहिला छापखाना टाकला. छापायचं म्हटलं की लगेच प्रश्न, कुणाची इंग्रजी छापायची? कारण गावोगावी वेगळी. १४९० च्या एका प्रस्तावनेत त्याने एक किस्सा दिलाय. काही व्यापारी जहाजाने थेम्स नदीतून निघाले, वारा पडला म्हणून किनाऱ्यावर उतरले, आणि एकाने तिथल्या बाईकडे खायला ‘एग्ज’ मागितली. बाई म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. तो भडकला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हतं! शेवटी दुसऱ्याने ‘आयरन’ मागितलं तेव्हा तिला कळलं की अंडी हवीत. दोन्ही शब्द इंग्रजीच, ‘एग’ उत्तरेकडचा, व्हायकिंग लोकांच्या भाषेतून आलेला, आणि ‘आयरन’ दक्षिणेकडचा जुना. कॅक्स्टन वैतागून विचारतो की आता माणसाने लिहावं तरी काय.

शेवटी लंडन आणि आसपासची इंग्रजी चालली, कारण राजाची कचेरी तिथे, कोर्ट तिथे, पैसा तिथे, छापखाना तिथे. त्या बोलीचं व्याकरण जास्त शुद्ध होतं असं कुणी तपासून ठरवलं नाही. (आपल्याकडे पुण्याच्या बाजूची मराठी पुस्तकात आली आणि मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी ‘गावंढळ’ ठरल्या, त्याची कारणंही फार वेगळी नाहीत, असो, तो भांडणाचा विषय आहे.)

दोन नकार म्हणजे होकार, हे गणित आहे की भाषा?

‘आय डिडन्ट सी नथिंग’ म्हटलं की शिकलेला माणूस लगेच हसतो, म्हणे मायनस मायनस प्लस, म्हणजे तू काहीतरी पाहिलंस! पण खरं सांगा, हे वाक्य ऐकून जगात एकाही माणसाचा तसा गैरसमज होतो का? नाही होत. इथे दुसरा नकार पहिल्याला खोडत नाही, अजून घट्ट करतो. स्पॅनिशमध्ये तर तेच प्रमाण आहे, ‘नो व्ही नादा’, शब्दशः ‘नाही पाहिलं काहीनाही’, आणि तिकडे कुणाला त्याची लाज वाटत नाही. इंग्रजीतही चौदाव्या शतकात चॉसरने एका सरदाराचं कौतुक करताना, हा कधीच कुणालाच काहीच वाईट बोलला नाही या अर्थाच्या वाक्यात चार नकार घातलेत, आणि ते तेव्हाचं उत्तम इंग्रजी होतं.

मग बिघडलं कुठे? प्रमाण लेखनातून हा प्रकार हळूहळू आपोआप कमी होत होताच, आणि १७६२ मध्ये रॉबर्ट लोथ नावाच्या पाद्र्याने व्याकरणाचं छोटं पुस्तक लिहिलं, त्याच्या पुढच्या आवृत्त्यांतून हा नियम पक्का झाला की दोन नकार एकमेकांना मारतात. हा लोथ पुढे लंडनचा बिशप झाला. त्याचं पुस्तक शाळांमध्ये तुफान चाललं, नवा मध्यमवर्ग वर चढायच्या मागे होता, त्यांना ‘सभ्य कसं बोलावं’ याची गाइडं हवीच होती. तेव्हापासून हा नियम माणूस ओळखायची खूण झालाय, अर्थ कळण्याशी त्याचा संबंध थोडाच.

एन्टने कुणाचं काय बिघडवलं?

एन्टची केस तर अजून मजेशीर आहे. ‘इज नॉट’ चं ‘इझन्ट’ होतं, ‘आर नॉट’ चं ‘आरन्ट’ होतं, मग ‘ॲम नॉट’ चं काय? ‘ॲमन्ट’ म्हणायला तोंड वाकडं होतं (आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये म्हणतात अजून), म्हणून सतराव्या शतकाच्या शेवटी ‘आन्ट’ सारखं रूप आलं आणि त्यातून एन्ट. तेव्हा इंग्लंडमधले बडे लोकही बिनधास्त वापरायचे. नंतर ते ‘इज नॉट’, ‘हॅव नॉट’ सगळ्यांच्याच जागी वापरलं जायला लागलं, व्याकरणवाले चिडले, आणि शाळेतून हद्दपार.

आता गंमत बघा, एन्टला हाकलल्यावर ‘मला उशीर झालाय ना?’ हे विचारायला प्रमाण इंग्रजीत काय उरलं? ‘आय ॲम लेट, आरन्ट आय?’ म्हणजे ‘आय आर’! ‘आय आर लेट’ म्हणालात तर नापास, पण ‘आरन्ट आय’ म्हणालात तर सुसंस्कृत. एन्ट त्यापेक्षा जास्त लॉजिकल होतं असं माझं स्पष्ट मत आहे, पण माझ्या मताने इंटरव्ह्यू पास होत नाही, त्यामुळे तिथे एन्ट नकोच.

बोलीला, इनफॉर्मलला कसलं आलंय ग्रामर?

हा सगळ्यात मोठा गैरसमज, म्हणून इथे जरा थांबू. लोकांना वाटतं इनफॉर्मल म्हणजे आळशीपणा, जीभ वळेल तसं बोलायचं. तसं असतं तर कुठेही काहीही चाललं असतं, पण चालत नाही.

‘गॉना’ घ्या. ‘आय ॲम गॉना स्लीप’ बरोबर. मग ‘आय ॲम गोइंग टू पुणे’ चं ‘आय ॲम गॉना पुणे’ होईल का? कधीच नाही, कुठलाही इंग्रज पोरगा असं म्हणणार नाही. गॉना फक्त पुढे क्रियापद असेल तरच, गाव असेल तर नाही. हा नियम त्यांना शाळेत कुणी शिकवलेला नसतो.

‘वॉना’ अजून वस्ताद आहे. तुला कुणाला भेटायचंय, याला ‘हू डू यू वॉना मीट?’ चालतं. पण कोण जिंकावं असं तुला वाटतं, याला ‘हू डू यू वॉन्ट टू विन?’ असंच म्हणावं लागतं, तिथे वॉना बसतच नाही, कारण जिंकणारा तू नाहीस, दुसराच कुणीतरी आहे, आणि त्याची जागा ‘वॉन्ट’ आणि ‘टू’ च्या मध्ये रिकामी आहे. ऐकायला येत नाही पण डोक्याला माहीत असते. या एका वॉनावर भाषाशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं वाद घातलेत.

आता बोलीचं उदाहरण, आणि हे मराठी माणसाला गोऱ्या अमेरिकनापेक्षा लवकर कळेल असं मला वाटतं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजाच्या इंग्रजीत ‘ही बी वर्किंग’ असं म्हणतात. शिक्षकाला वाटतं, पोराला ‘इज’ लावता येत नाही. पण त्याच बोलीत ‘ही वर्किंग’ पण आहे आणि दोघांचा अर्थ वेगळा! ‘ही वर्किंग’ म्हणजे तो आत्ता काम करतोय. ‘ही बी वर्किंग’ म्हणजे तो काम करत असतो, नेहमी, सवयीने. ‘द कॉफी कोल्ड’ म्हणजे कॉफी गार आहे, ‘द कॉफी बी कोल्ड’ म्हणजे इथली कॉफी गार असते. आपल्या ‘आहे’ आणि ‘असतो’ चाच फरक! प्रमाण इंग्रजीला एवढं सांगायला ‘युज्वली’ सारखा वेगळा शब्द जोडावा लागतो.

यावर जॅनिस जॅक्सन नावाच्या संशोधक बाईंनी मुलांवर छान प्रयोग केला. कुकी मॉन्स्टर आणि एल्मो ही ‘सेसमी स्ट्रीट’ या मुलांच्या टीव्ही कार्यक्रमातली बाहुली, त्यातला कुकी मॉन्स्टर कायम कुकी खाणारा. चित्रात तो कुकी मॉन्स्टर आजारी पडून झोपलाय, त्याच्याजवळ कुकी नाही, आणि शेजारी एल्मो कुकी खातोय. ‘हू इज ईटिंग कुकीज?’ विचारलं तर सगळी मुलं म्हणाली एल्मो. मग ‘हू बी ईटिंग कुकीज?’ विचारलं. ही बोली घरी बोलणारी कृष्णवर्णीय मुलं म्हणाली कुकी मॉन्स्टर, कारण कुकी खात असतो तो कोण? तोच की! गोरी मुलं बहुतेक पुन्हा एल्मोच म्हणाली, त्यांना ‘बी’ मधली खोच कळलीच नाही. आता सांगा, ग्रामर कुणाचं कच्चं?

काही वेळा तर बोली प्रमाणातली भोकं बुजवते. जुन्या इंग्रजीत ‘दाउ’ आणि ‘यू’ होतं, आपल्या तू-तुम्हीसारखं, मग दाउ गेलं आणि एकाला पण यू, पन्नास जणांना पण यू. लोकांची अडचण झाली. अमेरिकेच्या दक्षिणेत ‘यॉल’ आलं, आयर्लंड, लिव्हरपूलकडे ‘यूज’, पिट्सबर्गला ‘यिन्झ’, आणि बाकी ठिकाणी ‘यू गाइज’. प्रमाण इंग्रजी अजून हात बांधून बसलीय.

म्हणजे काहीच चूक नसतं?

असतं ना, चूक असतेच. ‘कुड ऑफ’ ही चूक आहे. बोलताना ‘कुडव्ह’ म्हणजे ‘कुड हॅव’, त्याचा आवाज ‘कुड ऑफ’ सारखाच येतो, म्हणून इंग्रज लोकच लिहिताना ‘ऑफ’ लिहितात, आपण लिहीत नाही, कारण आपण इंग्रजी कानाऐवजी वहीतून शिकतो. ‘युवर’ आणि ‘यू आर’ च्या घोळाचं पण तेच. ही स्पेलिंगची चूक, बोलण्यात काही चुकलेलं नसतं.

आणि परक्याने ‘आय ॲम गॉना पुणे’ म्हटलं तर तीही चूकच, कारण ते कुठल्याच इंग्रजीत बसत नाही. साधी कसोटी अशी की ज्यांची ती भाषा आहे असा कुठलातरी समाज नेहमी तसं बोलतो का? बोलत असेल तर ती बोली. कुणीच बोलत नसेल तर चूक.

डिक्शनरीत आलं म्हणजे पास झालं का?

नाही. डिक्शनरी रेशनकार्डासारखी सरकारी मान्यता देत नाही, लोक काय वापरतात ते नोंदवते, आणि पुढे लेबल लावते, इनफॉर्मल, स्लँग, नॉनस्टँडर्ड. लोक शब्द बघतात, लेबल कोण वाचतंय.

हा राडा जुना आहे. १९६१ मध्ये मेरियम-वेबस्टरची तिसरी मोठी आवृत्ती आली, संपादक फिलिप गोव्ह. तिच्यात एन्टपुढे लिहिलं होतं की बऱ्याच लोकांना हे आवडत नाही, पण अमेरिकेच्या बहुतेक भागांत कितीतरी सुशिक्षित लोक बोलण्यात वापरतात. बस, पेपरवाले तुटून पडले, न्यूयॉर्क टाइम्सने अग्रलेखातून झोडपलं. एक प्रकाशक तर इतका पेटला की त्याने मेरियम कंपनीच विकत घ्यायचा प्रयत्न केला, ते जमलं नाही म्हणून स्वतःची वेगळी डिक्शनरी काढली, ती १९६९ ची अमेरिकन हेरिटेज. आणि या सगळ्यात गंमत काय, तर एन्ट १९३४ च्या आवृत्तीत पण होतंच! २०२० मध्ये ‘इररिगार्डलेस’ (अर्थ ‘रिगार्डलेस’चाच) वरून सोशल मीडियावर असाच गोंधळ झाला आणि तोही शब्द १९३४ पासून त्याच डिक्शनरीत, आज त्यापुढे नॉनस्टँडर्ड असं लेबल आहे.

आजकालच्या पोरांनी भाषा बिघडवली

१७१० मध्ये जोनाथन स्विफ्टने हीच तक्रार छापली होती. त्याचा राग कशावर, तर शब्द अर्धे तोडणाऱ्या फॅशनेबल लोकांवर. त्याच्या काळ्या यादीत ‘मॉब’ होता, ‘मोबिले व्हल्गस’ या लॅटिन शब्दांचा तुकडा. मी हा शब्द थांबवायचा खूप प्रयत्न केला पण लोकांपुढे हरलो, असं तो स्वतःच लिहितो. आज मॉब कोर्टाच्या निकालात असतो, तर त्याच यादीतले ‘पॉझ’ आणि ‘फिझ’ कुणाला आठवतही नाहीत. त्यामुळे ‘रिझ’ टिकेल का, तर सांगता येत नाही, ‘करिझ्मा’ च्या मधला तुकडा आहे तो, ऑक्सफर्डने २०२३ चा शब्द म्हणून निवडला, पण निवडला म्हणजे अमर झाला असं नाही.

आणि ‘ओएमजी’ पोरांचं नाही बरं का. त्याचा लेखी पुरावा १९१७ चा आहे, लॉर्ड फिशर या म्हाताऱ्या ब्रिटिश ॲडमिरलने विन्स्टन चर्चिलला लिहिलेल्या पत्रातला.

आज ज्याला जेन झीची स्लँग म्हणतात त्यातलं बरंच, ‘नो कॅप’, ‘स्ले’, ‘लिट’, ‘वोक’, हे कृष्णवर्णीयांच्या इंग्रजीतून उचललेलं आहे. म्हणजे शाळेत त्या मुलाचे मार्क कापायचे आणि तोच शब्द इन्फ्लुएन्सरने रीलमध्ये म्हटला की ट्रेंडिंग, हे मला खटकतं.

एवढा विचार कशाला करायचा, शब्दांचा तर खेळ आहे

खेळ राहत नाही कधीकधी. फिलाडेल्फियात कोर्टात साक्ष शब्दशः टाइप करणाऱ्या रिपोर्टर लोकांची चाचणी घेतली, अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. कृष्णवर्णीयांच्या बोलीतली वाक्यं ऐकवली, आणि त्यातली साधारण ६० टक्केच वाक्यं अचूक उतरली, सर्टिफिकेटसाठी ९५ टक्के अचूकता लागत असताना! ‘ही डोन्ट बी इन दॅट नेबरहुड’, म्हणजे तो त्या भागात नसतो, हे एकाने ‘वी गोइंग टू बी इन धिस नेबरहुड’ असं उतरवलं, आम्ही या भागात असणार आहोत. तो चा आम्ही झाला, नकार गायब, भाग पण बदलला. एखाद्याच्या जामिनाचा प्रश्न असेल तर काय होईल विचार करा.

१९७७ मध्ये अमेरिकेत मिशिगनच्या ॲन आर्बरमध्ये कृष्णवर्णीय मुलांचे पालक कोर्टात गेले होते, शाळा आमच्या मुलांच्या बोलीमुळे त्यांना मंद समजते म्हणून. १९७९ मध्ये जजने शाळेला सांगितलं की शिक्षकांनी मुलांची घरची बोली ओळखायला शिकावं आणि ती लक्षात घेऊन प्रमाण इंग्रजी वाचायला शिकवावं. प्रमाण शिकवू नका असं कुणीच म्हटलं नव्हतं, तरी आजही हा विषय निघाला की ‘म्हणजे आता अडाणी भाषा शिकवायची का’ इथूनच सुरुवात होते.

ठीक आहे, पण आपण मराठी लोकांनी करायचं काय?

आपला प्रॉब्लेम बरोबर उलटा आहे. आपला रेग्युलेटर फुल औपचारिकवर अडकलेला असतो. कलीगला चॅटवर ‘काइंडली डू द नीडफुल’ लिहिणं म्हणजे शेजाऱ्याला ‘आपणांस सविनय कळविण्यात येते की’ म्हणून साखर मागण्यासारखं. ते चूक नाही, ब्रिटिश कचेऱ्यांतून आलेलं जुनं इंग्रजी आहे, तिकडे मेलं, इकडे जगलं. ‘प्रीपोन’ मात्र खुशाल वापरा, ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत आहे आणि शब्द खरंच कामाचा आहे, फक्त परदेशी क्लायंटला पहिल्यांदा ऐकून कळेलच असं नाही.

आयईएलटीएस, म्हणजे परदेशी जाण्यासाठीची इंग्रजीची परीक्षा देणाऱ्यांसाठी, बोलण्याच्या परीक्षेत ‘आय ॲम’ चं ‘आयॅम’, ‘डू नॉट’ चं ‘डोन्ट’ झालं तर काही बिघडत नाही, उलट नैसर्गिक वाटतं. निबंधात ते टाळा. त्याच परीक्षेच्या जनरल ट्रेनिंग प्रकारात पत्र लिहायचं असतं, ते मात्र प्रश्न नीट वाचून लिहा, मित्राला लिहायला सांगितलं असेल आणि तुम्ही ‘डिअर सर, विथ रेफरन्स टू’ ने सुरुवात केलीत तर तिथे पण मार्क जातात, जास्त औपचारिक झालात म्हणून!

गॉना, वॉना बोलण्यात बिनधास्त, ऑफिसच्या मेलमध्ये नको. एन्ट आणि डबल निगेटिव्ह ऐकून समजून घ्या, स्वतः शक्यतो नको, कारण दुसऱ्याची बोली उसनी आणली की ती नक्कल वाटते, आणि कधी कधी टिंगल पण. अमेरिकन टीम असेल तर यॉल हळूहळू तोंडात बसतंच, बसू द्या. आणि स्किबिडी, सिक्स सेव्हन वगैरे पोरांकडेच राहू द्या, आईबापांनी जेवणाच्या टेबलावर वापरायला सुरुवात केली की पोरं स्वतःच तो शब्द टाकून देतात.